पुढे ओढलेली सीट

"साहेब, अपघात झाला तेव्हा गाडी कोण चालवत होतं, हे गाडी सांगते का हो?"

मित्रांनो, हा प्रश्न पूनमने विचारला आणि माझ्या रेडिएटरात उरलेलं चमचाभर पाणीसुद्धा गार पडलं! प्रश्न तिचा नव्हताच मुळी. शाळेत तिच्या मैत्रिणींनी, मनाली आणि छायाने, पैज लावली होती, "एवढी शायनिंग मारून राह्यली ना, तर त्या इन्शुरन्सवाल्या सायबालेच इचारून दाखव." आणि पैज सोडेल ती आमची पूनम कसली?

"सांगते की, बेटा," सर्व्हेअर साहेब हसले. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, काय मोडलं आणि कशानं मोडलं ते विमा कंपनीला लिहून कळवायचं, हे त्यांचं काम. "गाडी सगळं सांगते. नीट विचारावं लागतं, बस."

तीच मी गाडी. पांढरी, छोटी, सध्या एका डोळ्याची. मुक्काम दुसरबीड, गणेश मिस्त्रींच्या गॅरेजसमोरचं निंबाचं झाड.

जन्माला मी लांबच्या एका कारखान्यात आले. तिथे आम्ही सगळ्या सारख्याच, ओळीत उभ्या. मी 'आपली गाडी' झाले ती साखरखेर्ड्यात. पूनमच्या बाबांनी, उत्तमरावांनी, मला दारात उभं केलं. तिच्या आईने, पुष्पाबाईंनी, मला ओवाळलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मी ते फोडून पुढे गेले, तर पहिलीतली पूनम नाचत म्हणाली, "आणखी एक ठेव, आणखी एक!"

मग सुरू झालं काम. उत्तमरावांचा भाजीचा मळा. पहाटे मागची सीट दुमडायची, टमाट्याचे कॅरेट रचायचे, वर मेथीच्या जुड्या. कोथिंबिरीचा वास माझ्यात इतका मुरला की पाहुणे बसले की विचारायचे, "भजे आणले काय हो कोनी?" एकदा शेजारच्या बनाबाईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मी तिला मेहकरच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं. दुसऱ्या दिवशी बनाबाईंनी बाळाच्या आधी माझी दृष्ट काढली! एवढं कौतुक कोणत्या गाडीच्या वाट्याला येतं, सांगा बरं?

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती पांदण. मळ्याकडे जाणारी ती कच्ची वाट. पूनमला गाडी शिकायचं वेड होतं. लायसनचं वय व्हायला अजून अवकाश, पण रविवारी उत्तमराव तिला तिथे शिकवायचे. माझी सीट पार पुढे ओढायची, तेव्हा कुठे तिचे पाय पोचायचे.

"क्लच हळू सोड, पोरी. दूध उतू जाऊन नाही राह्यलं."

"बाबा, बंद तुमच्यामुळं पडली. मधात बोलता काऊन?"

दोघंही हसायची. मी बंद पडायचे, पुन्हा सुरू व्हायचे आणि मनात म्हणायचे, ही पांदण संपूच नये.

एका संध्याकाळी पूनम म्हणाली, "डांबरीलोक जाऊ द्या ना, बाबा. एकच डाव." आणि उत्तमराव, का कोण जाणे, हो म्हणाले. डांबरी रस्त्यावर चढलो आणि तुरीतून रोही उसळून आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढी! पूनमने मला झटक्यात वळवलं. रोही वाचला, पण समोर बाभूळ आली. माझं बॉनेट दुमडलं, डावा दिवा फुटला. त्या दोघांना मात्र साधं खरचटलंही नाही. त्याचा मला आजही अभिमान आहे.

पूनमने स्टिअरिंग सोडलंच नाही. उत्तमराव म्हणाले, "घाबरू नको. लायसन नसलं तर विमा देत नाहीत, मी चालवत होतो म्हणून लिहू. मग सारं बसते."

कसलं बसतं? विम्याचा फॉर्म त्यांच्या खिशात नऊ दिवस तसाच राहिला. ते गॅरेजला यायचे, गणेश मिस्त्रींना बजावायचे, "सायेब येईलोक गाडीले हात लावू नको बरं." मग बाकावर बसायचे, फॉर्म काढायचे, घडी घालून परत ठेवायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. पूनम सोबत आली तरी दोघं दोन टोकांना. मधे दसरा येऊन गेला. दर दसऱ्याला पूनम मला झेंडूचा हार घालते. यंदा मिस्त्रींनी पान्यांची पूजा केली आणि उरलेलं एक फूल माझ्या वायपरला खोचलं. ते वाळून गळून गेलं. समोरून साखरखेर्ड्याची जीप गेली की मी कान टवकारते. मला घरी जायचंय हो! भाजीच्या वासात, त्या दोघांच्या भांडणात.

म्हणून सर्व्हेअर साहेब आले तेव्हा मला किती आनंद झाला होता! आणि नेमका पूनमने तो प्रश्न विचारला. साहेब हसत हसत किलोमीटरचा आकडा बघायला माझ्या सीटवर बसायला गेले, तर त्यांचे गुडघे स्टिअरिंगला ठोकले. ते थांबले. त्यांनी उत्तमरावांना वरून खालपर्यंत पाहिलं. उत्तमराव म्हणजे दारातून वाकून येणारा माणूस.

"एवढं पुढे बसून चालवता तुम्ही?"

उत्तमराव म्हणाले, "ते... मिस्त्रीनं सरकवली असन."

"मी?" गणेश मिस्त्री म्हणाले. "अहो, तुम्हीच तर म्हणले..." मग त्यांनी उत्तमरावांचा चेहरा पाहिला आणि मान खाली घातली. "हाव साहेब. मीच सरकवली असन."

साहेबांचं हसू मावळलं. "सर्व्हेच्या आधी गाडीत हात घातला? हे मला लिहावं लागेल. असं गॅरेज कंपनीच्या यादीत राहत नाही, माहीत आहे ना?"

मिस्त्रींनी नुसते हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. साहेब समोरच्या टपरीवर चहाला गेले. जाताना म्हणाले, "आलो की सह्या करू."

मित्रांनो, खरं सांगू? मला वाटत होतं, पूनमने गप्प बसावं. पाच मिनिटं फक्त. सही झाली की नवं बॉनेट, नवा दिवा, आणि घर! मी यंत्र आहे, पण आस मलाही असते. वाटलं, सीटची एक खोटी गोष्ट, काय एवढं?

पण पूनम मिस्त्रींच्या त्या हातांकडे बघत होती. मग ती माझ्याजवळ आली. फुटलेल्या दिव्याच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, एकदाच. आज सोबत आलेल्या पुष्पाबाई उत्तमरावांशेजारी बाकावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "काच लागन व माय, इकडे ये."

ती गेली. आईबाबांच्या समोर उभी राहिली. आवाज चांगला मोठा होता.

"आई, बाबा, सायेब चहा पिऊन आले की मी त्यायले सांगणार हाय, गाडी मी चालवत होती. क्लेम गेला तर जाऊ द्या. गाडी घरी नाही आली तरी मी रडीन, पण सांगीन. गणेशकाकानं हात लावला नाही, हे त्यायच्या कागदावर लिहून घेतल्याबिगर मी इथून हलणार नाही. बाबा, तुम्ही माझ्यासंग उभे राहा, नाहीतर बसून राहा. मी सांगणार हाय."