न्यूट्रल

सुदर्शनची आई गेली त्याच्या आधीच्या चार महिन्यांत आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर आमच्या वर्कशॉपात तीनदा आला होता. तिन्ही वेळा तो मीच उघडला. म्हणून काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षं मी ते बोललो नाही.

मी मूळचा परभणीकडचा, नाव वैजनाथ. आयटीआय करून शहाण्णव साली पुण्यात आलो, कर्वेनगरात तिघांत एक खोली घेतली आणि मार्केट यार्डाजवळ धरणीधर ट्रॅक्टरच्या डीलरकडे मेकॅनिक म्हणून लागलो. वर्कशॉप सांभाळायला दीनानाथ होते. शनिवार पेठेतले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, शर्टाला कधी ग्रीसचा ठिपका नाही. आवाज कधी चढवायचे नाहीत. गिऱ्हाईक चिडून यायचं आणि पाच मिनिटांत स्वतःच ओशाळून परत जायचं. एकाने विचारलं होतं, "साहेब, गाडी कधी मिळेल?" दीनानाथ म्हणाले, "मिळाली आहे की. कागदोपत्री आपलीच आहे. फक्त ती आमच्याकडे आहे."

आप्पासाहेब सुतारवाडीचे. सूसच्या बाजूला त्यांची विहीर होती. पाषाण-बाणेरला तेव्हा सोसायट्या उगवत होत्या, आयटीतली पोरं लोन काढून फ्लॅट घेत होती आणि महापालिकेचं पाणी पोचायच्या आधीच राहायला येत होती. आप्पासाहेब त्यांना ट्रॅक्टरने टँकर पोचवायचे. दिवसाला सात-आठ खेपा. धंदा जोरात होता.

एक्क्याऐंशी सालापासून त्यांच्या दारात धरणीधरच. पहिला अठरा वर्षं चालला. दुसरा त्यांनी धाकट्या भावाला दिला. तिसरा, हा नवा, दोन हजार तीनच्या दसऱ्याला नेला. त्यांच्या वाडीत एकाने दुसऱ्या कंपनीची निळी गाडी घेतली, तर आप्पासाहेब त्याच्या पोरीच्या लग्नाला गेले नाहीत. शोरूममध्ये कुणी घेऊ की नको करत उभा राहिला की दीनानाथ फोन पुढे सरकवायचे. "सुतारवाडीच्या आप्पासाहेबांशी बोला. मी विक्रेता आहे, माझ्यावर विश्वास कशाला ठेवता?" आणि तिकडून आप्पासाहेब अर्धा तास बोलायचे. अशा किती गाड्या त्यांनी फुकट खपवल्या असतील, त्यांनाही सांगता आलं नसतं.

डिसेंबरात गाडी पहिल्यांदा आली. चालवत सुदर्शन आला होता. आप्पासाहेबांचा एकुलता मुलगा, तेविसाचा, बारावी झालेला, बोलायला हळू.

"खिंडीच्या उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटतो," तो मला म्हणाला. "टँकर भरलेला असतो. एकदम मोकळी होते गाडी."

"सुटत नाय," मडगार्डवरून उतरत आप्पासाहेब म्हणाले. "याला नीट टाकता येत नाय. हाताला जोर पायजे."

मी गिअरबॉक्स उघडला. गिअर ढकलून धरणारा जो फोर्क असतो तो एका अंगाने झिजला होता. दोन महिन्यांच्या गाडीत तो असा झिजत नाही. धातूच कच्चा होता. मी दीनानाथांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "स्प्रिंग बदला आणि द्या."

"साहेब, स्प्रिंगने महिनाभर निघेल."

"मग महिन्याने पुन्हा भेट होईल. आप्पासाहेब येतात तेव्हा मला बरं वाटतं."

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. त्या लॉटच्या गाड्यांत फोर्क सदोष आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. ग्राहकाची लेखी तक्रार आली तर फोर्क मोफत बदलावा. लेखी नसेल तर स्प्रिंग बदलून गाडी द्यावी. दीनानाथांनी ते मला वाचायला दिलं, माझ्या हातातून परत घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. कंपनीने त्या वर्षी एक योजना काढली होती. मार्चअखेर ज्या डीलरकडे एकही लेखी तक्रार नसेल त्याला ढाल, आणि सर्व्हिस मॅनेजरला बायकोसकट सिंगापूर. आमच्याकडे तोवर शून्य तक्रारी होत्या.

फेब्रुवारीत गाडी परत आली. या वेळी सुदर्शनने घरून अर्ज लिहून आणला होता. सुबक अक्षर, खाली त्याची सही. फक्त गाडी वडिलांच्या नावावर, म्हणून त्यांची सही हवी होती. आप्पासाहेब केबिनमध्ये बसले होते. मी दारात.

दीनानाथांनी अर्ज वाचला आणि आप्पासाहेबांपुढे ठेवला. "वा. अक्षर छान आहे मुलाचं. आपण सही करा, मी पुढे पाठवतो. मुंबईला जाईल. तिथले साहेब विचारतील, सुतारवाडीचे आप्पासाहेब म्हणजे तेच का, जे तेवीस वर्षं आपल्या गाडीचं कौतुक करत होते? मी काय सांगू? वय झालं म्हणू?"

आप्पासाहेबांनी अर्ज हातात घेतला.

"अहो, लग्नाला किती वर्षं झाली आपल्या? घरच्या माणसाची कधी लेखी तक्रार केलीत? कुठे?"

आप्पासाहेब हसले. मोठ्याने हसले. मग त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि सुदर्शनच्या शर्टाच्या खिशात कोंबले. "शिकलास म्हणून अर्ज लिहायला लागलास व्हय रे? निळ्या गाडीवाल्यांच्या कळपात जाऊन बस."

"आबा, त्यात नुसतं एवढंच आहे की गिअर सुटतो."

"ज्याला चालवता येत नाय, त्याचं सगळंच सुटतं."

दीनानाथ म्हणाले, "तरुण आहे. दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली असतीत तर त्याला ही तक्रारच सुचली नसती. गिअरच्या आधी चाकं सुटली असती." दोघं पुन्हा हसले. मी स्प्रिंग बदलली. सुदर्शन माझ्याशेजारी उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "वैजनाथभाऊ, खरंच माझीच चूक आहे का?" मी म्हटलं, "उतारावर दुसऱ्यात चालव." एवढंच म्हटलं. पत्राचं बोललो नाही. नोकरी होती, खोलीचं भाडं होतं, गावाकडे बहिणीचं लग्न ठरलं होतं. अशी कारणं प्रत्येकाकडे असतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडी तिसऱ्यांदा आली. फोर्क आता दुसऱ्या गिअरच्या अंगानेही झिजला होता, टोकाची धार माझ्या बोटाला लागली. मी दीनानाथांकडे गेलो. ते म्हणाले, "एकतीस तारखेनंतर आपण स्वतःहून बोलावून बदलून देऊ. मी देव नाही, पण कॅलेंडर मलाही वाचता येतं."

एकोणीस मार्चला, सकाळी साडेदहाला, सुदर्शन भरलेला टँकर घेऊन सूस खिंड उतरत होता. त्याची आई, चंद्रभागाबाई, विहिरीवरच्या वांग्यांची पाटी घेऊन मडगार्डवर बसली होती. तिला सुतारवाडीच्या फाट्यावर उतरायचं होतं. गिअर दुसरा होता, हे सुदर्शन पहिल्यापासून सांगत आला. मधल्या वळणाआधी गाडी मोकळी झाली. मागून पाच हजार लिटर पाण्याचा रेटा. ब्रेक लावले तर टँकर आडवा यायला लागला. समोरून कॉलेजची बस चढत होती. त्याने स्टिअरिंग डोंगराकडे ओढलं. ट्रॅक्टर दरडीला धडकला, तो स्वतः उडून गटारात पडला, हात मोडला. आई मागच्या चाकाखाली गेली. बसमधल्या पोरींनी तिला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती.

दीनानाथांना फोन आला. त्यांनी मला मोटारसायकलची किल्ली दिली. "गिअर कुठे आहे ते बघून या. न्यूट्रलमध्ये असेल. पण बघून या."

लिव्हर न्यूट्रलमध्येच होता. गिअर आपोआप सुटला तरी तो तिथेच येतो, आणि ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारली तरी तिथेच येतो. आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर मारतात. मला हे कळत होतं, दीनानाथांना तर कळतच होतं. गाडी तपासायला आलेल्या आरटीओच्या माणसाने ब्रेक दाबून पाहिले, लिव्हर पाहिला आणि लिहिलं, वाहनात दोष नाही.

तिसऱ्या दिवशी, सावडणं झाल्यावर, दीनानाथ मला घेऊन सुतारवाडीला गेले. ओटीवर आप्पासाहेब बसले होते, सुदर्शन भिंतीला टेकून, हात गळ्यात बांधलेला. दीनानाथांनी चपला काढल्या, हात जोडले, ओटीवर बसले. मग टाइप केलेला कागद काढला.

"आप्पासाहेब, वेळ नाही ही. पण पोलिसांकडे आज काही गेलं नाही तर ते गाडी आणि माणूस दोन्ही खराब ठरवतील. इतकंच लिहिलं आहे की गाडीबद्दल आपली कधीही तक्रार नव्हती. आणि उतारावर न्यूट्रल केल्यामुळे हे झालं."

"आबा, मी न्यूट्रल केली नाही," सुदर्शन म्हणाला. "तीन वेळा गाडी नेली ती कशाला? या भाऊंना विचारा. आईची शप्पथ..."

तो तिथे थांबला. ओटीवर बसलेल्या सगळ्या माणसांनी खाली बघितलं.

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बोल, वैजनाथ. तीनदा गाडी उघडलीस तू. दोष होता?"

शेजारी दीनानाथ होते. मी म्हणालो, "स्प्रिंग बदलली होती. मी दिली तेव्हा गाडी चालत होती."

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

आप्पासाहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. वाचत नव्हते. मला वाटतं, अर्जाचे ते चार तुकडे त्यांना तेव्हा दिसत असावेत. गाडीत दोष असेल तर तो कागद फाडणारा हात त्यांचा होता. पोराने न्यूट्रल केली असेल तर मात्र त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी पेन घेतलं. सही करून झाल्यावर सुदर्शनकडे न बघता म्हणाले, "चार थेंब डिझेलसाठी आई घालवलीस."

त्यानंतर ते हे प्रत्येकाला सांगत राहिले. दहाव्याला आलेल्यांना, सोसायट्यांच्या वॉचमनना, चहाच्या टपरीवर. सुदर्शन समोर असला तरी सांगायचे. पहिले काही दिवस तो "नाही" म्हणायचा. मग नुसता उठून जायचा. पावसाळ्यात तो घरच सोडून गेला. दीनानाथ मे महिन्यात सिंगापूरला जाऊन आले. आम्हा सगळ्यांना त्यांनी एकेक पेन आणलं.

मी दिवाळीपर्यंत तिथेच दिवस काढले. नोकरी सोडली, वारज्यात स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं, आणि मग एके दुपारी सुतारवाडीला गेलो. आप्पासाहेब एकटेच होते. गॅसवर दूध उतू गेलेलं, पुसलेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. कंपनीचं पत्र, फोर्क, दीनानाथांचा ड्रॉवर. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"ठोकलेली गाडी दुरुस्तीला नेली तवा त्यांनी फोर्क बदलून दिला. न मागता. बिल नाय लावलं. तेवीस वर्षांत त्यांनी मला एक नट फुकट दिला नव्हता. मी काय यडा हाय?"

"मग सुदर्शनला सांगा. त्याच्यावर केस आहे."

"सांगून ती परत येणार हाय का?" त्यांनी उठून दार उघडलं, मला जायची खूण केली. "एकानं तर ते वागवायला पायजे. तो जवान हाय. त्याला झेपंल."

मी तिथूनच सुदर्शनला शोधत गेलो. तो हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होता. लांब दांडीचा आरसा गाड्यांच्या पोटाखाली फिरवायचा, मग गेटचा आडवा दांडा वर करायचा. सुट्टी झाल्यावर आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर बसलो. मी त्याला सांगितलं, आबांना सांगितलं होतं त्याहूनही नीट, पहिल्यापासून. आबा काय म्हणाले तेही सांगितलं. मला वाटलं तो रडेल, किंवा मला मारेल. मी त्याला तयार होतो.

त्याने चहा संपवला. "नाही, वैजनाथभाऊ," तो म्हणाला. "मीच न्यूट्रल केली होती."

"अरे, तू तेव्हा..."

"तेव्हा घाबरलो होतो. आता मला स्पष्ट दिसतं. माझा हात लिव्हरवर आहे आणि मी तो मध्ये ओढतोय. आई म्हणते आहे, सावकाश रे." त्याने उजवा हात उचलून, हवेत नसलेला लिव्हर धरून, मला करून दाखवलं. "रोज दिसतं. तुम्ही चांगले आहात, म्हणून बोलता. पण आबा का खोटं बोलतील? त्यांची तर बायको गेली."

मी त्याला दोनदा, तीनदा समजावलं. शिवाजीनगरला कोर्टात येऊन साक्ष देतो म्हटलं. तो म्हणाला, नको, उगीच लांबेल.

दोन वर्षांनी केस उभी राहिली तेव्हा त्याने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटने त्याचं वय पाहिलं, मेलेली बाई त्याची आई होती हे पाहिलं, आणि दंड करून कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा दिली. मी मागच्या बाकावर होतो. आप्पासाहेब आले नव्हते. साडेपाचला कोर्ट उठलं, शिपाई म्हणाला, जा आता. सुदर्शन उठला नाही. शिपायाने पुन्हा सांगितलं. मग तो उठला, शिपायाला नमस्कार केला, आणि त्याने विचारलं, "एवढंच?"