एकमताचं वाक्य

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या त्या कचेरीत एक रीत होती. नव्या शब्दाचं कार्ड टेबलाभोवती फिरायचं. ज्याला पटलं नाही त्यानं खालचा कोपरा दुमडायचा. तोंडानं वाद घालायचा नाही. म्हणून तर तीस वर्षांत तिथे कुणाची डोकी फुटली नव्हती. मुख्य संपादक अण्णा जाऊन दोन महिने झाले होते, तरी सवयीनं कार्ड त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोरही ठेवलं जायचं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

सोमवारी तिथल्या सहसंपादक बाईंच्या वाट्याला 'कन्सेंटेनियस' आला. खुद्द इंग्रजीतही कुणी फारसा वापरत नाही, असा आढ्यताखोर शब्द. अर्थ: सर्वांच्या संमतीने झालेला. माणसापेक्षा निर्णयाला जास्त शोभणारा. आता उदाहरण हवं, तेही खरंखुरं. बाईंनी लिहिलं: 'आईच्या ऑपरेशनचा निर्णय एकमताने झाला.'

आई त्या ऑपरेशनमधून उठली नव्हती. 'एकमताने' या एका शब्दाच्या आधारावर बाई चार वर्षं झोपत आल्या होत्या.

कार्ड फिरून आलं. कोपरा दुमडलेला होता.

"लांबू, तू दुमडलास?" त्यांनी समोरच्या सहकाऱ्याला विचारलं.

"मी कशाला दुमडू? चांगलं आहे की वाक्य."

टेबलाशी ते दोघंच होते.

बाईंनी तेच वाक्य नव्या कार्डावर लिहिलं. जेवणानंतर तेही तसंच परत आलं, कोपरा नखानं दाबून दुमडलेला, अगदी अण्णा दुमडायचे तसा.

लांबूचा चेहरा उतरला होता. "बाई, वाक्य बदलून टाका ना," तो हळूच म्हणाला.

बदलायचं म्हणजे नक्की काय कबूल करायचं? बाईंची हिंमत होईना. त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला.

"आईच्या ऑपरेशनला तू हो म्हणाला होतास ना रे?"

"म्हणालो होतो. दादाही म्हणाला होता. का गं ताई?"

"मग सगळ्यांचं एकमतच होतं की."



"ताई, आपण दार लावून बोलत होतो ना, तेव्हा आई बाहेरच्या खोलीत केस विंचरून, चष्मा लावून बसली होती. मी पाणी प्यायला गेलो तर मला म्हणाली, बोलावतील हं आता मला विचारायला."