दिल्ली दरवाजातली कडब्याची गाडी

बन्सी गवळ्याला लेक उजवायची नव्हती असं नाही; फक्त नगरहून बेलापूरइतकी लांब द्यायची नव्हती. बायको गेल्यापासून घरात नि गोठ्यात मनकर्णाच होती. पण तिला मागणी घालणाऱ्या बेलापूरच्या गहिनीनाथाला नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून बन्सीनं शक्कल लढवली. दिल्ली दरवाजापाशी दोरखंड विकणाऱ्या नूरुद्दीनच्या साक्षीनं त्यानं शर्त घातली.

"दोन गाड्यांचा कडबा एकाच गाडीत रचून माझ्या गोठ्यात आन. वाटंत एकबी पेंढी खाली पडली न्हाई, तर पोरगी तुझी."

पोरगा गाडी पक्की रचणार, हे बन्सीला ठाऊक होतं. पण बन्सीचा स्वतःचा जन्म वेशीपाशी गेला होता. एवढी उंच गाडी कमानीखालून जायची नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

दुपारी गाडी आली. डुलत, पण एक काडी न ढळता. आणि दरवाजात शिरताशिरता वरचा कडबा कमानीच्या दगडाला भिडला. बैल थांबले. मागं भिंगारला निघालेली लष्करी लॉरी भोंगा वाजवू लागली. भाजीवाल्या टोपल्या खाली ठेवून मजा बघत बसल्या.

"उतरव की वरचा थर," बन्सी साखरेच्या आवाजात म्हणाला.

कडब्यावर बसलेल्या गहिनीनाथाचं तोंड उतरलं. बन्सीला इतका आनंद झाला, की सख्ख्या भावालाही कधी न दिलेली तंबाखू त्यानं शेजारच्याला दिली.

एवढ्यात कमानीवरून दोर खाली आला. बन्सीनं मान वर केली. आतला जिना चढून मनकर्णा माथ्यावर उभी होती, पदर कमरेला खोचलेला, हातात नूरुद्दीनच्या दुकानातला कोरा दोर.

"बांधा पेंढ्या," ती गहिनीनाथाला म्हणाली. "वर वढते."

बघताबघता वरचा थर कमानीवर गेला. गाडी सुखरूप आत आली, आणि त्याच पेंढ्या पलीकडून दोरानं अलगद गाडीवर उतरू लागल्या. लॉरीतल्या शिपायांनी टाळ्या वाजवल्या.

"ही लबाडी हाय," बन्सी म्हणाला. "नूरभाई, तू सांग."

नूरुद्दीननं दाढी कुरवाळली. "खाली पडाया नको म्हनलास. वर जायाचं काय बोलला न्हवतास."

लोक खो-खो हसले. बन्सी तणतणत जिना चढला. वर मनकर्णाच्या हातात शेवटची पेंढी राहिली होती. दोरानं तिचे तळवे सोलपटले होते.

"मला इचारायचं तरी," तो म्हणाला.

"तुमी मला कुठं इचारलं, आबा?"

 म्हैस घेताना, दुधाचा भाव ठरवताना बन्सी तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. नेमकं हेच विचारायचं राहिलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि पोरीचं कौतुकही.

त्यानं पेंढी तिच्या हातून घेतली नि कमानीच्या कडेशी गेला. खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. ही एक हातातून सुटली, तर शर्त मोडणार होती.

बन्सी खाली बसला. दोर पेंढीभोवती दोनदा फिरवून त्यानं निरगाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा एक मारली.

"धर रं, जावईबापू," तो म्हणाला आणि हळूहळू दोर सोडू लागला.