@मोठीसुई आली, पळा

बाहीला झोळ आलाय.

शेजारून मागून आणलेल्या सहा खुर्च्या. त्यातल्या दोन डुगडुगतात.

"आकडे झोपलेत," साहेब म्हणाले. "उठवा त्यांना."

जिभेला टाका घाला कुणीतरी.

टिंग.

आता ओळीने. घरी शिवणाऱ्या लोकांचं शिवणकट्टा नावाचं एक संकेतस्थळ आहे. तिथे आपण शिवलेल्या कपड्याचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी खाली 'वा, काय सुंदर!' लिहायचं. झोळ आला तरी सुंदर, काज फाटलं तरी सुंदर. चूक दाखवणारी एकच बाई, टोपणनाव मोठीसुई. तिच्या कमेंट लांबलचक आणि, दुर्दैवाने, बरोबर. लोक तिला तोंडावर 'धन्यवाद काकू' लिहायचे आणि दुसऱ्या पानावर जाऊन तिलाच उसवायचे. तिथे नावाआधी @ लावायची पद्धत पडली होती, कारण त्या चिन्हाने काहीच व्हायचं नाही. हिच्याबद्दल बोलतोय, हिच्याशी नाही, एवढाच त्याचा अर्थ. इतकी निर्धोक कुजबुज दुसरीकडे कुठे मिळणार?

कट्ट्याचं तांत्रिक काम बघायची ती मोठीसुईची सून. हे नातं कट्ट्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. सून ती कुजबुज वाचायची आणि घरी गप्प बसायची. सासूबाई मात्र खुशीत होत्या. जन्मभर एकटीने मशीन चालवल्यावर आता कुठे आपल्यासारखी माणसं भेटली होती, आणि रविवारी कट्ट्याची पहिली भेट त्यांच्याच घरी होती. खुर्च्या त्यासाठी.

त्याच आठवड्यात, कट्ट्यावर येणाऱ्यांचे आकडे वाढेनात म्हणून, कट्ट्याच्या साहेबांना सुचलं, की @ लावून नाव लिहिलं की त्या माणसाच्या फोनवर सूचना गेली पाहिजे.

"जुन्या कमेंटनाही लावा."

"साहेब, जुन्यांना नको. लोकांनी तिथे काय काय लिहिलंय..."

"एकमेकांची आठवण काढलीय! कळू दे की."

"तुम्ही वाचल्यात का त्या?"

"मी आकडे वाचतो."

सुनेने तोंड वाकडं केलं आणि बटण दाबलं. शिकलेल्या माणसाचा निषेध साधारण एवढाच असतो.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंचा फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला.

"अगं, बघ तरी! किती जणांनी माझं नाव घेतलंय!"

"आई, फोन द्या इकडे. बिघाड झालाय."

"तुझ्या कामात बिघाड? चष्मा दे आधी."

त्यांनी वाचलं. सगळं. '@मोठीसुई आली, पळा.' '@मोठीसुईच्या जिभेला टाका घाला कुणीतरी.' 'रविवारी @मोठीसुईकडे चला, फुकटची करमणूक.' वाचता वाचता त्या खुर्चीत बसल्या.

"रविवारचं रद्द करू या का, आई?"

"का म्हणून? मशीनला तेल घालून झालंय."

मग त्यांनी प्रत्येक कमेंटखाली, लिहिणाऱ्याच्या नावाला @ लावून, उत्तर लिहिलं. '@कात्रीताई, रविवारी चार वाजता. तो निळा झगाच घालून या. बाही उलटून बघायची आहे.' एकालाही सोडलं नाही, आणि सगळं सगळ्यांदेखत.

आकडे खडबडून उठले. कचेरीत केक कापला गेला.

रविवारी सगळे आले. शरमेने नव्हे, शरम असती तर आलेच नसते. न येणाऱ्याचं नाव चारचौघांत झालं असतं, म्हणून आले. सासूबाईंनी एकेकाची बाही उलटली.

"ही शिवण आहे की भांडण?"

"काकू, ते गमतीत लिहिलं होतं हो," कात्रीताई म्हणाल्या.

"असेल. हेही गमतीतच शिवलंय का?"

थोड्या वेळाने खोलीभर माणसं मान खाली घालून आपापले टाके उसवत बसली होती, आणि सासूबाई मधून फिरत होत्या. पुढच्या रविवारी किती वाजता यायचं, हे कात्रीताईंनीच विचारलं.

कट्ट्यावर एकमेकांना नावाने हाक मारली की ती पोचेल अशी सोय हवी, ही मागणी वर्षभरापूर्वी सासूबाईंनीच केली होती.