बुडालेल्या माणसाचा खोकला

आमचे हे समुद्रात बुडाले, ही बातमी मला बसच्या ड्रायव्हरने दिली. तेव्हा हे माझ्या शेजारीच बसून मटार सोलत होते.

"मावशी, रागावू नका," ड्रायव्हर म्हणाला, "पण जहाज लागलं की तुमचा भाचा तुम्हाला विधवा करतो."

प्रकार असा होता. मोठी जहाजं आमच्या बेटाला लागतात, त्यांतले प्रवासी अर्ध्या दिवसासाठी उतरतात. त्यांना दीपगृह, धबधबा, बाजार असं सगळं दाखवून वेळेत जहाजावर परत पोचवायचं, हे माझ्या भाच्याचं काम. गाईड आहे तो. बहिणीमागे आम्हीच वाढवला. तोंडाने पटाईत, पण कुठल्याही नोकरीत बूड टिकलं नाही. एकदा त्याची बस नेमकी आमच्या दारासमोर बंद पडली. प्रवासी कुरकुरायला लागले. मी खिडकीत बसले होते. पोराने माइक उचलला आणि त्यांच्या भाषेत दिलं ठोकून: ती बघा, तिचा नवरा वादळात होडी घेऊन गेला तो आलाच नाही, ती अजून वाट बघते आहे. बसमधल्या बायका रडल्या. तेव्हापासून बस आमच्या दारात मुद्दाम थांबते; हे तेव्हा अजून कामावर जायचे, म्हणून कळलं नाही. कंपनीच्या रंगीत पत्रकात माझी खिडकी छापली आहे म्हणे.

आणि यांना होडीत नुसता पाय ठेवला तरी उलटी होते! सगळा जन्म धक्क्यावरच्या वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, पण इंजिन काढून जमिनीवर आणलं तरच हे हात लावायचे.

"येऊ दे मेल्याला, कानच उपटते," मी म्हटलं.

"अगं, पहिल्यांदाच कुठेतरी टिकलाय तो," हे मटार सोलता सोलता म्हणाले. "माझं काय जातं? बस आली की मी मागच्या खोलीत जाऊन बसेन."

मी 'नको' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मग ते अंगवळणीच पडलं. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की हे उठायचे, आपला कप उचलायचे, दारातल्या चपला उचलायचे आणि मागे जाऊन दार लोटून घ्यायचे. मी चष्मा काढून लांब कुठेतरी बघत बसायची. भाच्याला वाटायचं, आम्हाला कशाचा पत्ता नाही. सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा, यांच्या शेजारी बसायचा, "काका, गुडघा कसा आहे?" विचारायचा. मला मात्र हळूहळू ते खिडकीत बसणं आवडायला लागलं होतं. लोक माझ्याकडे इतकं बघतात, याची मला सवय नव्हती. एकदा यांना उठायला उशीर झाला, तर मी खेकसले, "अहो, उठा ना! बुडालेली माणसं अशी रेंगाळतात का?" हे हसले, आणि गुडघा धरून उठले.

या मंगळवारी बसमधून एक म्हातारी बाई उतरली ती सरळ आमच्या दारातच आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. मागून भाचा धावत आला. तोंडचं पाणी पळालेलं.

"मावशी, ही विचारते... अजून आशा वाटते का? हिचाही नवरा गेलाय." मग खालच्या आवाजात, "काहीतरी बोल गं, कंपनीचे साहेब आहेत बसमध्ये."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "सांग तिला, माझा नवरा जिवंत आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आम्हाला सगळं ठाऊक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. मग त्याने मान खाली घालून माझं वाक्य तिला सांगितलं. बाईने मला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. मी खरं बोलले होते आणि तिला ते वेडी आशा म्हणून पोचलं होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकला आला. यांना सर्दी होती. एकदा दाबला, दोनदा दाबला, मग फुटलाच. बाईने चमकून काहीतरी विचारलं. भाचा एकच शब्द बोलला. बाईने मान डोलावली आणि गेली.

बस गेल्यावर हे चपला हातात घेऊन बाहेर आले. वर्कशॉपमुळे यांना त्या लोकांची भाषा कळते.

"काय म्हणाला हो तो?"

"भाडेकरू," हे म्हणाले, आणि चपला दारात नीट लावून ठेवल्या. "चला घरमालकीणबाई, भाडेकरूला चहा मिळेल का?"

माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. या घराची वीट न् वीट यांच्या पगाराची. पोराने हिमतीने खोटं सांगितलं ते घरात माणूस लपलेला होता म्हणून, आणि मी लपू दिलं होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

गुरुवारी पुन्हा हॉर्न वाजला. हे उठले. मी यांची बाही धरली.

"बसा."

"अगं, पोराची नोकरी जाईल."

"जाऊ दे," म्हटलं खरं. पण दुसरीकडे त्या पोराला कोण उभं करणार?

बस थांबली. पोराने माइक तोंडाशी नेला आणि खिडकीत त्याला आम्ही दोघं दिसलो. ड्रायव्हर आरशातून बघत होता. मग पोर काहीतरी बोललं, आणि अख्खी बस उठून उभी राहिली. टाळ्या काय, टोप्या काय, कुणी काचेला हात टेकवून रडतंय. यांनी कप खाली ठेवून हळूच हात हलवला.

"काय म्हणाला तो?"

"म्हणतो, परवा रात्री परत आलो मी."

पोर आमच्याकडे बघत नव्हतं. कान लाल झाले होते त्याचे. मलाही रडू फुटलं, तर लोकांनी माझ्या रडण्याचेही फोटो काढले. लाजेने मेल्यासारखं झालं होतं, पण यांची बाही काही सोडवेना. परत तर हे आलेच होते की. मागच्या खोलीतून आले होते, आणि तिथे यांना पाठवणारी मीच.