त्र्यंबकमास्तरांच्या माळावरच्या वह्या

वल्लरीला पहिली किळस आली ती वासाची. ट्रंकेत वह्यांबरोबर पेंढा भरलेली पाखरंही होती, कसर लागलेली, डोळ्यांच्या जागी काळा पडलेला कापूस.

वल्लरी कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वह्या त्र्यंबकमास्तरांच्या. सत्तर वर्षांपूर्वी ते कुरुंदवाडला शिकवत आणि सुट्टीत पक्ष्यांपायी माळरानं पालथी घालत. त्यांचा नातू सौमित्र याला पुस्तक काढायचं होतं. संपादन तिच्याकडे आलं तेव्हा ती हरखली होती.

नोंदी सुरेख होत्या. माळढोकाची मादी उन्हात पंख पसरून अंड्यावर सावली कशी धरते, ते वाचताना ती रंगून गेली. मग एक पान आलं. 'घरून निरोप. हिला ताप चढला आहे, बोलावते आहे. अंडं आज-उद्या फुटेल. गेलो नाही.' खाली, 'पिल्लू बाहेर आलं. मादी टिपली. उत्तम नमुना. मांस चविष्ट.' आणि त्याच सुबक अक्षरात, 'ही गेली.'

वल्लरीनं सौमित्रला फोन लावला आणि ते पान वाचून दाखवलं.

सौमित्र म्हणाला, "तेव्हा सगळेच शिकार करायचे, मॅडम. आजीचं तर घरचं आहे. तेवढं गाळा. नाव ठरलंय, 'माळाचा मायबाप'."

"मायबाप?" तिला तो शब्दच बुळबुळीत लागला. "मग हे काम माझ्याच्यानं होणार नाही."

ती वह्या परत द्यायला गेली, तर घरी सौमित्रची आत्या होती. पद्मजाकाकू, मास्तरांची मुलगी. आई गेली तेव्हा चार वर्षांची.

"काम का सोडलंत?" काकूंनी विचारलं.

"एका पानामुळे," वल्लरी म्हणाली.

"आत्या, तू आत जा," सौमित्र म्हणाला.

"डोळे गेलेत, कान नाहीत. वाचा हो तुम्ही."

वल्लरीनं वाचलं.

"अण्णा सांगायचे, निरोप पोचलाच नाही," काकू म्हणाल्या. "शेवटी त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. तेव्हा कधी शिसारी आली नाही. आज येतेय."

मग सौमित्रकडे तोंड वळवून म्हणाल्या, "वह्या माझ्या आहेत. छापायचं तर हे पानही छाप. नाहीतर राहू दे."

पुस्तक निघालं, ते पान जसंच्या तसं ठेवून आणि साध्या नावानं. प्रकाशनाला सौमित्र तोंड पाडून बसला होता. प्रस्तावनेत वल्लरीनं नोंदींचं मोकळेपणानं कौतुक केलं. मास्तरांना थोर म्हणणं मात्र तिच्या हातून झालं नाही.