समेटाची मेंढी

माझ्या मीरिमचे बूट शाळेमागच्या संडासात टाकले आणि सात वर्षांची पोर वर्गात घालायच्या कापडी चपलांवर बर्फातून घरी आली. टाकणारी तिच्याच वर्गातली कुंदुज. मीरिमशी कुणी बोलायचं नाही, असा फतवाही तिनेच काढलेला.

मी तडक शाळेत गेले. तिच्या वर्गाच्या बुरूल बाई चहा ढवळत म्हणाल्या, "अगं, पोरांचा खेळ तो! तुझीच जरा मुळमुळीत आहे. तिला धीट कर."

म्हणजे बूट दुसरीने टाकायचे आणि सुधारायचं माझ्या पोरीने! वा!

तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की मीरिम पोट धरून बसायची. बोलणं जवळजवळ बंद. कुणीतरी तिला जवळ घेऊन विचारावं, काय झालं बाळा, एवढंच मला हवं होतं.

पण आमच्या या डोंगरातल्या नारिनमध्ये पोरांना कोण विचारतं? कुंदुजचे आजोबा आणि माझे सासरे एकाच कुळातले. दोघा म्हाताऱ्यांनी फोनवर ठरवूनही टाकलं. मेंढी कापायची, एकत्र जेवायचं, विषय संपला. मेंढी आमची, बरं का!

रविवारी सगळे जमले. बाईही आल्या. मी सून, म्हणून दाराशी बसून चहा ओतत होते. गवताचे भाव झाले, घोडे झाले, खिंडीतला रस्ता झाला. बुटांचं नाव नाही. कुंदुज मजेत पिठाचे तळलेले बोरसोक हाणत होती आणि मीरिम मला चिकटून बसली होती.

मेंढीचं डोकं, मानाचं म्हणून, कुंदुजच्या आजोबांपुढे आलं. त्यांनी कान कापला. आमच्यात कान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. मला वाटलं, आता कुंदुजला देतील.

त्यांनी तो मीरिमच्या हातात ठेवला. "घे बेटा. मोठ्यांचं ऐकावं. मैत्रिणींवर रुसू नये. उद्यापासून शाळेत जायचं."

सगळ्यांनी दुव्याचं "ओमिन" म्हणत तोंडावरून हात फिरवले. बाईंनीसुद्धा!

माझं डोकंच फिरलं. मी उठले, वरच्या मानाच्या बैठकीपर्यंत गेले आणि तो कान आजोबांच्या ताटलीत ठेवला. "तुम्हीच खा. ऐकायचं तुम्हाला आहे."

"सूनबाई!" सासरे ओरडले.

"थांबा, मामंजी. मीरिम, तू बोल. मी आहे."

ती उठून माझ्याजवळ आली. मग बाईंकडे बघत हळूच म्हणाली, "कुंदुज बूट घेऊन पळाली, तेव्हा तुम्ही खिडकीत होतात. मी हाक मारली. तुम्ही खिडकी लावून घेतलीत."

बाईंचा चेहरा पडला. "थंडी होती गं," त्या पुटपुटल्या.

कुंदुजच्या आजोबांनी सुरी उचलली, दुसरा कान कापला आणि मुकाट्याने बाईंपुढे ठेवला.